पूर ओसरल्यावर गळ कुठे टाकायचा: पंचगंगेचा खालचा पट्टा, वरचा पट्टा की गावतळं?

पंचगंगेचं पाणी पात्रात परतलं की आमच्याकडे गळवाल्यांचे हात शिवशिवू लागतात. गढूळ पाण्यात शिंगटा, मरळ, वाम गळाला लागतात, हे खरंच. पण तो मासा घरी कालवणात जाणार असेल, तर आधी विचारायचं एकच: या पाण्याच्या वरच्या अंगाला काय काय आहे?

खालचा पट्टा म्हणजे कोल्हापूर शहराच्या खाली रुई, इचलकरंजी, तेरवाड बंधारा. जायला सोयीचा, मासाही भरपूर. शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातून इथंच उतरतं, पुढं इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचं पाणी मिळतं. ही बारमाही दुखणी झाली. पुरात त्यावर शौचखड्डे, गोठे, उकिरडे आणि उसाच्या रानातली खतं-औषधं धुऊन येतात.

भर पुरात ही घाण पातळ होते. मला खरी भीती वाटते ती पाणी उतरतानाची. बुडालेला ऊस आणि गवत कुजायला लागतं, आणि ते कुजणं पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मग मासे काठाला येऊन तोंड वर काढतात आणि नुसत्या हातानंही सापडतात. पिशव्या भरून नेणारी माणसं मी पाहिली आहेत आणि दर वेळी जीव तुटतो. तसा गुदमरलेला किंवा मेलेला मासा फुकट मिळाला तरी घेऊ नका. नीट शिजवल्यानं जंतू मरतात. कीटकनाशक किंवा जड धातू मात्र कितीही उकळलं तरी जात नाहीत.

वरचा पट्टा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. या नद्या एकत्र येऊन प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. संगमाच्या वर मोठं शहर नाही, म्हणून माझा कल इकडं. पाणी अगदी निर्मळ आहे असं नाही, गावांचे ओढे आणि उसाची रानं इथंही आहेतच. जोखीम वेगळीच आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात आणि भोगावती बघता बघता चढते. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. आकडा चढता असेल त्या दिवशी घरीच बसा. आणि राधानगरीच्या जलाशयाकडं गळ घेऊन जाऊ नका, तो भाग अभयारण्याचा आहे.

गावतळ्याचं सोपं आहे. नदीचं पाणी त्यात शिरलं नसेल आणि गावाचं गटार सुटलेलं नसेल, तर तिघांत तेच उत्तम. शिरलं असेल तर तेच सगळ्यात वाईट, कारण नदी वाहून मोकळी होते, तळ्यात आलेली घाण तिथंच मुरते. झाडाझुडपांवर गाळाची रेघ दिसते का बघा. तळं ठेक्यानं दिलेलं असतं, तेव्हा मच्छीमार सोसायटीला विचारूनच बसा.

मी स्वतः पाणी पात्रात गेल्यावर निदान पंधरा दिवस थांबतो आणि मग वरच्या पट्ट्यात जातो. खालच्या पट्ट्यातला मासा पावसाळाभर खात नाही. गाभोळी भरलेली मादी लागली तर कुठंही असो, सोडून देतो.

लेप्टोस्पायरोसिसचं भय मात्र तिन्ही ठिकाणी सारखं. उंदीर-जनावरांच्या मुतातले जंतू पाण्या-चिखलात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून अंगात शिरतात. गळ टोचणं, दोरानं बोट कापणं, माशाचा काटा लागणं हे आपलं रोजचंच. म्हणून गमबूट घाला, जखम झाकूनच पाण्याला हात लावा, घरी आल्यावर साबणानं धुवा. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर नदीवर गेलो होतो हे माणूस विसरलेला असतो. पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, अंग तापलं तर अंगावर काढू नका. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता, मी अमुक दिवशी पुराच्या पाण्यात उतरलो होतो, हे आधी सांगा.