महापालिकेची फुकट बीपी-शुगर तपासणी (नवी मुंबई): ५ पैकी ४ स्टार

आमच्या नोडमधल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात सासूबाईंचं बीपीचं कार्ड चालू आहे, त्याचा रिव्ह्यू. कुठलं केंद्र ते लिहीत नाही, उगाच तिथल्या सिस्टरना ताप नको. तसाही प्रोग्रॅम देशभराचा आहे, ३० च्या वरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाचा, बायकांना स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर, एवढी तपासणी फुकट.

सुरुवात घरीच होते. आशाताई फॉर्म घेऊन येतात, तंबाखू खाता का, दारू, चालणं किती, घरात कुणाला बीपी-शुगर, आणि मग टेप काढून कंबर. सासूबाई साडीवरूनच मापा म्हणून अडून बसल्या, ताई म्हणाल्या "आजी, निऱ्यांचं माप नकोय मला, तुमचं हवंय". बायकांची कंबर ८० सेंमीच्या वर आणि पुरुषांची ९० च्या वर गेली की धोक्याचे मार्क वाढतात, आणि एकूण मार्क ४ च्या वर गेले की तपासणीला पहिला नंबर. जास्त मार्क पडले म्हणून सासूबाई आधी खूशच झाल्या होत्या, हाहा.

केंद्रात बोटाला टोचून शुगर, आणि बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बसवतात, बोलू पण देत नाहीत. हे मोठ्या मोठ्या क्लिनिकमध्ये कुणी करत नाही.

पण खरा स्टार फोनला. सासूबाई गावी साताऱ्याला जाऊन राहिल्या, गोळ्यांची तारीख गेली, तर सिस्टरचा फोन, आजी कुठे आहेत, तिकडे गोळ्या मिळतायत का, चिठ्ठी दाखवून तिकडच्या केंद्रातून घ्या. मला वाटलं सिस्टर चांगल्या आहेत म्हणून (आहेतच), पण त्यामागे हिशोबाची पद्धत पण आहे. २०१७ ला बीपीचा जो राष्ट्रीय उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात आपला महाराष्ट्र पण होता, त्यात किती लोक तपासले याला फार भाव नाही. पेशंट गेल्या तीन महिन्यांत आला आणि शेवटचं बीपी १४०/९० च्या खाली असेल तरच तो कंट्रोलमध्ये धरायचा, आलाच नाही तर वेगळ्या रकान्यात, म्हणजे नुसती नावं भरून आकडा फुगवता येत नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या सर्व्हेत देशात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आणि ३१.५ कोटींना बीपी असा अंदाज आहे, पण तो लाखभर लोक तपासून काढलेला, त्यातून तुमच्या आईने या महिन्यात गोळ्या नेल्या का ते कसं कळणार, ते या रजिस्टरमधूनच कळतं.

एक स्टार कापला तो मिस्टरांमुळे. ते कित्येक वर्षं प्रायव्हेट डॉक्टरकडून शुगरच्या गोळ्या घेतात, इथल्या टॅबवरच्या नोंदीत मात्र अजून शुगरचे संशयितच, सारखा फोन की येऊन कन्फर्म करा. लॅबवाल्याला म्हटलं आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) नंबरला रिपोर्ट जोडा, तर म्हणे तो ऑप्शन आमच्याकडे नाही, व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकतो. आता आभामध्ये रिपोर्ट एका जागी गोळा होत नाहीत, ज्याने बनवला त्याच्याकडेच राहतात आणि आपण परवानगी दिली की दिसतात, मग लॅबच जोडलेली नसेल तर तो १४ आकडी नंबर घेऊन काय पूजा करायची? आणि आमच्या सोसायटीतले निम्मे लोक प्रायव्हेटवालेच, ते सगळे या हिशोबातून बाहेर.

सिस्टर अजून आधी रजिस्टरमध्ये हाताने लिहितात आणि मग तेच टॅबमध्ये, नेट गेलं की लाईन थांबते. सकाळी लवकर जा. आभा काढणं ऐच्छिक आहे, आमच्या शेजारच्या काकांनी नंबर दिला नाही तरी त्यांची तपासणी झाली. जुनी चिठ्ठी मात्र घेऊन जा, नाहीतर गोळ्यांचं नाव आठवत बसाल.