रेसकार्ड हंगामभर वापरून पाहिलं: कोणता रकाना किती कामाचा

ब्रिटनमध्ये घोड्यांच्या गवतावरच्या फ्लॅट (अडथळ्यांविना) शर्यतींचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि नोव्हेंबरात डॉन्कास्टरला संपतो. हा अख्खा हंगाम मी एक नेम पाळला. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं रेसकार्ड (शर्यतींची आणि घोड्यांची माहिती देणारं पत्रक) घेऊन बसायचं, प्रत्येक शर्यतीत कोणता घोडा जिंकण्याची शक्यता किती टक्के हे वहीत लिहायचं आणि निकाल लागला की ताडून पाहायचं. तयार टिप्स मुद्दाम वाचल्या नाहीत. पैसे लावावेत की नाही, हा विषय मी इथे घेत नाही. दिवसभराच्या सहा-सात शर्यती आधी वाचता येतात का, आणि त्यात रेसकार्ड कितपत साथ देतं, एवढंच सांगायचं आहे.

माझं मत आधीच सांगते. रेसकार्ड उत्तम साधन आहे, फक्त ते ज्या क्रमाने छापलेलं असतं त्या क्रमाने वाचू नये. त्यात घोडा आधी येतो आणि शर्यत कुठेतरी वरच्या बारीक ओळीत. वाचताना नेमकं उलट करावं लागतं. मैदान कोणतं, अंतर किती, जमीन कशी, धावणारे किती आणि त्यांतले पुढे पळणारे कोण, हे सगळं ठरल्यावरच घोड्यांच्या नावांकडे यायचं.

पहिली नजर जाते ती नावाशेजारच्या आकड्यांवर. समजा ३१-०२४२ असं लिहिलंय. उजवीकडचा शेवटचा आकडा सर्वांत ताज्या शर्यतीचा, आडवी रेघ म्हणजे मधे हंगाम बदलला, शून्य म्हणजे पहिल्या नवांत नंबर नाही. वाचायला सोपं, म्हणून सगळे त्याच्यावर विसंबतात. पण पाच घोड्यांत दुसरा आलेला आणि पंचवीस घोड्यांत दुसरा आलेला, दोघांच्या नावापुढे २ च छापला जातो. एअर गोल्ड कपसारख्या पंचवीस घोड्यांच्या स्प्रिंटमध्ये (कमी अंतराच्या शर्यतीत) चार लेंथनी (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे राहिलेल्याच्या वाट्याला शून्य येऊ शकतं, आणि खालच्या वर्गातल्या शर्यतीत कच्च्या घोड्यांना हरवणाऱ्याला १ मिळतो. ही ओळ मी आता सर्वांत शेवटी पाहते, तीही त्या त्या दिवसाचा वर्ग, अंतर आणि जमीन उघडून.

आता मैदान. ब्रिटिश फ्लॅटची खरी श्रीमंती इथे आहे, कारण तिथली दोन रेसकोर्स एकसारखी नाहीत. चेस्टरला १५३९ पासून शर्यती होतात. त्याचा घेर जेमतेम एका मैलाहून थोडा जास्त आहे आणि घोडा जवळजवळ सतत डावीकडे वळत असतो. पाच फर्लांगांच्या (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) शर्यतीत आतल्या कठड्याजवळचा स्टॉल (सुटण्याचा कप्पा) मिळालेला, सुटायला चपळ घोडा तिथे अर्धी लढाई आधीच जिंकून येतो. बाहेरच्या स्टॉलमधल्याला एकतर लांबचा फेरा घ्यावा लागतो किंवा मागे पडून वाट शोधावी लागते. न्यूमार्केटच्या राउली माइलवर सगळं उलट: रुंद, सरळ, उघडं मैदान, शेवटाकडे एक खोलगट उतार आणि मग समाप्तीपर्यंत चढ. उतारावर तोल सांभाळून चढावर पुन्हा जोर लावणारा घोडाच तिथे टिकतो. एप्समला डर्बी या नामांकित शर्यतीचं अंतर आहे १ मैल ४ फर्लांग ६ यार्ड. त्यात आधी दमवणारा चढ, मग टॅटनम कॉर्नर या वळणाकडे उतार, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जमीन आतल्या कठड्याकडे कललेली. लांब टापा टाकणारा मोठा घोडा तिथे डगमगताना मी वारंवार पाहिला, आणि तोच घोडा यॉर्कच्या सपाट, ऐसपैस मैदानावर मोकळा पळताना दिसला. त्यामुळे घोड्यापुढे C हे अक्षर असेल, म्हणजे याच मैदानावर तो आधी जिंकलेला असेल, तर चेस्टर आणि एप्समला मी त्याला भरपूर वजन देते. यॉर्कला तेवढं देत नाही.

इथे एक बारकावा आहे. साउथवेलच्या कृत्रिम ट्रॅकवर पूर्वी फायबरसँड होती. २०२१ मध्ये ती काढून टॅपेटा घातली. जुनी वाळू खोल आणि दमवणारी, नवा पृष्ठभाग बराच वेगळा. एखाद्या जुन्या घोड्याचं साउथवेलचं C त्याआधीचं असेल तर त्याचा आज काही उपयोग नाही. अक्षर मात्र तसंच छापलं जातं.

ड्रॉ, म्हणजे सुटण्याच्या स्टॉलचा क्रमांक, एकटा वाचायचा नसतो. अॅस्कॉटच्या सरळ मैलावर रॉयल हंट कपला तीसेक घोडे सुटतात आणि बहुतेक वेळा त्यांचे दोन-तीन गट पडतात: एक या कठड्याला, एक त्या. न्यूमार्केटच्या केंब्रिजशर या शर्यतीत ३५ पर्यंत घोडे असतात, तिथेही तेच. अशा वेळी स्टॉल ५ चांगला की २५, या प्रश्नाला अर्थ नसतो. वेगाने पुढे नेणारे घोडे कोणत्या बाजूला आहेत, हा खरा प्रश्न. ज्या गटाला ओढून नेणारा कोणी नाही, त्या गटातला उत्तम घोडाही एकटा पडतो.

यावरून मी सर्वांत मोलाच्या गोष्टीवर येते. तिला रेसकार्डात साधा रकानाही नाही: शर्यतीची चाल. कोण पुढे पळणार, कितीजण पुढे पळायला बघणार, की कोणीच नाही? हे मागच्या शर्यतींच्या टिपणांतून काढावं लागतं. ‘सुरुवातीपासून आघाडीवर’, ‘मागून आला’, ‘वाट मिळाली नाही’ अशी छोटी वाक्यं तिथे असतात. मी प्रत्येक घोड्यापुढे पु, म, मा (पुढे, मध्ये, मागे) असं पेन्सिलीने लिहिते. नऊ घोड्यांत एकच ‘पु’ असेल तर तो रमतगमत आघाडी घेतो, दम राखून ठेवतो आणि मागून येणाऱ्यांना अंतर कापता येत नाही. चार ‘पु’ असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि ‘मा’ वाल्यांचं फावतं. अंदाज ज्या शर्यतींत निकालाच्या सर्वांत जवळ गेले, त्यांपैकी बहुतेकांत ही पेन्सिलीची खूणच निर्णायक होती. यासाठी शर्यतीमागे दहा मिनिटं जास्त जातात, आणि ती सार्थकी लागतात.

जमिनीची स्थिती कार्डावर फर्म (कडक), गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी (अतिशय मऊ, ओली) अशी दिलेली असते. सोबत गोइंगस्टिक नावाच्या उपकरणाचं मोजमापही येतं. आकडा जितका कमी तितकी जमीन मऊ. आदल्या संध्याकाळचा अंदाज सकाळी पुन्हा तपासलाच पाहिजे. रात्री पाऊस झाला की सकाळी तीन-चार घोडे काढून घेतले जातात, आणि घोडे गेले की ड्रॉ बदलतो, चाल बदलते, सगळी मांडणीच बदलते. काढून घेतलेल्यांत एकटा ‘पु’ असेल, तर मी ते पान पुसून नव्याने लिहिते.

वजन आणि रेटिंगचा हिशेब अनेकांना किचकट वाटतो. मला तो रेसकार्डातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे जिथे चांगल्या घोड्याला जास्त वजन वाहावं लागतं, रेटिंगचा (घोड्याच्या कुवतीच्या अधिकृत आकड्याचा) एक गुण म्हणजे एक पौंड वजन. पाच फर्लांगांना एक लेंथ म्हणजे साधारण तीन पौंड, मैलाला दोनेक, आणि दोन मैलांच्या आसपास एक. म्हणजे मैलाच्या शर्यतीत एक घोडा दुसऱ्याकडून दोन लेंथनी हरला आणि पुढच्या भेटीत त्याला चार पौंडांची सवलत मिळाली, तर कागदावर दोघे बरोबरीत. हँडिकॅपर, म्हणजे रेटिंग ठरवणारा अधिकारी, दर आठवड्याला रेटिंग सुधारतो. त्या सुधारणेआधीच घोडा पुन्हा धावला तर त्याला फक्त ठरलेली पेनल्टी (जिंकल्याबद्दलचं जादा वजन) लागते. शनिवारी पाच लेंथनी जिंकलेला घोडा चार दिवसांत परत आला असेल आणि त्याची पेनल्टी त्याच्या रेटिंगमधल्या वाढीपेक्षा कमी असेल, तर तो वजनाच्या हिशेबात पुढे असतो. कार्डावर हे दिसतं, पण शोधणाऱ्यालाच.

वयाच्या सवलतीचा तक्ताही असाच. अॅडमिरल राउस यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचा पाया घातला. तीन वर्षांच्या घोड्यांना मोठ्यांविरुद्ध वजनात सूट मिळते, आणि वर्ष पुढे सरकतं तशी ती घटत जाते. झपाट्याने सुधारणारा तीन वर्षांचा घोडा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मोठ्यांमध्ये उतरला की मी थांबून पाहतेच, विशेषतः तो पहिल्यांदाच लांब अंतरावर जात असेल तर.

लांब अंतर झेपेल का, यासाठी वंशावळ पाहायची. ती दिशा दाखवते, खात्री देत नाही. फ्रँकेल या घोड्याचा बाप गॅलिलिओ, २००१ च्या डर्बीचा विजेता. आई काइंड ही स्प्रिंटर. फ्रँकेल मैलाच्या पुढे टिकेल का, यावर दोन हंगाम वाद चालला. २०१२ मध्ये यॉर्कला तो पहिल्यांदाच मैलाच्या पुढे गेला आणि सात लेंथनी जिंकला. चौदा शर्यती, चौदा विजय. त्याची २०११ ची टू थाउजंड गिनीज ही मैलाची शर्यत मी चाल समजून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा पाहते. सुरुवातीलाच त्याने असं अंतर टाकलं की मागच्यांना पाठलागाचा विचारही करता आला नाही. अर्थात असा घोडा नियम शिकायला घेऊ नये. बाकीच्यांनी तसं केलं तर शेवटच्या फर्लांगात त्यांची चाल मोडते.

दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतींबद्दल स्पष्ट सांगते: तिथे रेसकार्ड जवळजवळ रिकामं असतं. एक-दोन शर्यती धावलेली शिंगरं, आठवड्या-आठवड्याला बदलणारी. रॉयल अॅस्कॉटला २०२० मध्ये कॉव्हेंट्री स्टेक्स नँडो पराडोने १५०/१ भावाने (एकाला दीडशे) जिंकली, २०२३ मध्ये नॉरफोक स्टेक्स व्हॅलियंट फोर्सने तितक्याच भावाने, आणि २०२४ ची कॉव्हेंट्री राशाबारने ८०/१ ने. तिन्ही दोन वर्षांच्यांच्या शर्यती. अशा ठिकाणी कोणत्याही एका घोड्याला मोठी टक्केवारी देण्याइतकी माहितीच कोणाजवळ नसते. वहीत मी या शर्यतींना टक्के सपाट देते आणि पुढे जाते.

टक्केवारीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. ३/१ भाव म्हणजे चारांत एक, २५ टक्के. समसमान भाव म्हणजे ५० टक्के, ९/१ म्हणजे १० टक्के. एका शर्यतीतल्या सगळ्या भावांचे टक्के जोडले तर बेरीज शंभराच्या वर जाते, तो भाव देणाऱ्याचा नफा. फेव्हरिट (सर्वांत कमी भावाचा घोडा) साधारण तीनांत एकदा जिंकतो. म्हणजे सात शर्यतींच्या दिवशी सातही विजेते सांगण्याचा दावा जो करतो, त्याचा गणिताशी संबंध नाही. चांगला अंदाज असा असतो: ‘हा ३० टक्के, तो २०, बाकीचे मिळून ५०’. मग महिन्यांनी वहीत पाहायचं की ३० टक्के दिलेले घोडे खरोखर दहांत तीनदा जिंकले का. एका दिवसाच्या निकालावरून काहीच ठरत नाही, आणि हे मनापासून पटायला हंगामच लागतो. माझ्या वहीत आठ-दहा घोड्यांच्या, तीन वर्षांवरील घोड्यांच्या शर्यती सर्वांत जुळल्या. मोठी हँडिकॅप्स कमी जुळली, पण रस सर्वांत जास्त त्यांतच आला.

बाकीचे रकाने पटकन. जॉकीचा गेल्या पंधरवड्यातला यशाचा टक्का इतक्या थोड्या शर्यतींवर असतो की तो विसरावा. शिकाऊ जॉकीची ७, ५ किंवा ३ पौंडांची सूट मात्र खरी, विशेषतः त्याला ते मैदान ओळखीचं असेल तर. पहिल्यांदा झापडं लावली असतील तर घोडा उजळू शकतो किंवा आवेशात स्वतःला जाळून घेऊ शकतो, म्हणून ‘पु’ वाल्यांच्या बाबतीत मी ती चालीच्या हिशेबात धरते. श्वासमार्गाची शस्त्रक्रिया २०१८ पासून कार्डावर जाहीर करावी लागते, आणि ती बारीकशी खूण पाहायला विसरू नये.

माझी एक गंभीर तक्रार आहे. हाँगकाँग आणि जपानमध्ये प्रत्येक घोड्याचं शरीराचं वजन शर्यतीआधी जाहीर होतं. मागच्या वेळेपेक्षा किती वाढलं, किती घटलं हे प्रेक्षकाला कळतं. ब्रिटिश कार्डात ते नाही. लांब विश्रांतीनंतर परतणारा घोडा तयार आहे की नाही, यासाठी शेवटी पॅडॉकमधलं (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारातलं) चालणं पाहूनच ठरवावं लागतं: पाठीची चमक, पोटाची रेषा, शांतपणा, मानेवरचा घाम. आदल्या संध्याकाळचा अंदाज या एका ठिकाणी कायम अर्धवट राहतो.

नव्याने सुरू करणाऱ्याला मी सांगेन की पूर्ण दिवसाच्या सगळ्या शर्यती हातात घेऊ नका. यॉर्क किंवा न्यूमार्केटचा एक दिवस निवडा, त्यातली आठ-दहा घोड्यांची, मैलाच्या आसपासची एकच हँडिकॅप घ्या, आणि नावं झाकून आधी पु-म-मा लिहा. त्या एका शर्यतीला तासभर द्या. शर्यत संपल्यावर ती पुन्हा लावून पाहा आणि आपल्या खुणा पहिल्या दोन फर्लांगांत कितपत खऱ्या ठरल्या ते तपासा. कोण जिंकलं ते त्यानंतर पाहिलं तरी चालेल.