पोकळी शोधायची आहे: ग्रॅव्हिटी की रेझिस्टिव्हिटी?

बोअरसाठी वर्षानुवर्षं रेझिस्टिव्हिटी (जमिनीत करंट सोडून कुठला थर त्याला किती अडवतो ते मोजणं) केली की पोकळी शोधायलाही हात त्याच मशिनकडे जातो. माझाही गेला. आपल्या बसाल्टमध्ये ते रास्तच आहे, कारण ओला भेगाळ थर कोरड्या पाषाणातून लगेच वेगळा दिसतो. पण काम होतं आंध्रात, कर्नूल-कडप्पा पट्ट्यातल्या चुनखडीत. आपल्या ओट्यावरचा कडप्पा याच भावकीतला.

कोरड्या गुहेत हवा असते आणि हवेतून करंट जात नाही. भोवतीची घट्ट, कोरडी चुनखडीही त्याला फारशी वाट देत नाही. सेक्शनवर, म्हणजे जमिनीच्या उभ्या छेदाच्या रंगीत चित्रावर, करंट अडवणारं लाल आणि वाट देणारं निळं दिसतं, म्हणून इथे लालात लाल. गुहेत चिखल किंवा पाणी असेल तर मात्र ती निळी होऊन उठून दिसते, आणि तिथे रेझिस्टिव्हिटीच घ्यावी असं मीही म्हणेन. शिवाय ती बरीच स्वस्त पडते.

ग्रॅव्हिटीत जमिनीची गुरुत्वीय ओढ मोजतात, तिला करंटशी देणंघेणं नाही. दगड कमी तर ओढ कमी. २ मीटर त्रिज्येची गोल, रिकामी पोकळी, तिचं केंद्र ५ मीटर खाली, तर वर साधारण २३ मायक्रोगलची (मायक्रोगल हे ओढ मोजायचं अगदी बारीक एकक) घट मिळते. तीच पाण्याने भरलेली असेल तर १४ च्या आसपास. पण केंद्र १० मीटरवर गेलं की रिकामीसुद्धा जेमतेम ६ देते, आणि तेवढं तर फिल्डवरच्या नॉइजमध्येच बुडतं. म्हणून लहान आणि खोल पोकळीसाठी ग्रॅव्हिटीवर पैसे घालू नयेत, असं मला वाटतं.

माझं मत फिरवलं ते खुंट्यांनी. रेझिस्टिव्हिटीचे ४८ इलेक्ट्रोड, म्हणजे करंटसाठी जमिनीत ठोकायच्या धातूच्या खुंट्या, मे महिना, पायाखाली सलग खडक. घण घातला की खुंटी वाकायची. मग ड्रिलने भोकं पाडा, त्यात चिखल भरा, मिठाचं पाणी ओता. शेवटच्या खुंटीपर्यंत बादली पोचेस्तोवर पहिल्या दहा वाळलेल्या असत. खुंटीतून जमिनीत करंट नीट जातो का, ही कॉन्टॅक्ट टेस्ट पुन्हा नापास. त्यातली एक खुंटी तशीच राहिली असावी, कारण नेमका तिच्याखाली सेक्शनवर छान लाल गोळा आला आणि मी बेधडक 'गुहा' म्हणून खूण केली. आमचा ड्रिलर नांदेडचा. तिथे ड्रिल करून काढलेला सात मीटर भरीव कोअर (दगडाचा दंडगोल) पेटीत मांडून म्हणाला, "साहेब, ओट्याला चालेल."

ग्रॅव्हिटीचा जाच नाही असं नाही. उंचीत एक सेंटिमीटर चुकलं की ३ मायक्रोगल गेले, म्हणून प्रत्येक पॉइंटला लेव्हलिंग नीट हवं. यंत्राचा आकडा वेळेबरोबर सरकतो, त्या ड्रिफ्टसाठी तासाभरात बेसवर, म्हणजे ठरलेल्या एका पॉइंटवर, परतायचं. वाऱ्याला छत्री आडवी धरायची. फरशीचा ट्रक गेला की हात बांधून उभं राहायचं, आणि दूर कुठे मोठा भूकंप झाला तर यंत्राचा आकडा काही तास जागेवर राहत नाही. दिवसाला माझे पन्नासेक पॉइंट होतात, फार नाही. पण रीडिंग बिघडलं तर तिथल्या तिथे कळतं: आकडा डोलतो, आपण थांबतो, पुन्हा घेतो. सिमेंटच्या फ्लोअरवरही काम चालतं, खिळा ठोकावा लागत नाही.

अमेरिकन भूभौतिकतज्ज्ञ ड्वेन बटलर यांचं फ्लोरिडातल्या मेडफर्ड गुहेवरचं १९८४ चं ग्रॅव्हिटीचं काम मला पटतं. तिथे खालच्या गुहेचा नकाशा हाती होता, त्यामुळे वरची घट ताडून बघता आली. आपल्याकडे तसा नकाशा क्वचितच असतो, आणि नुसत्या घटीवरून पोकळी उथळ-लहान की खोल-मोठी हे ठरत नाही. इथे ग्रॅव्हिटी लंगडी पडते.

म्हणून हल्ली मी आधी ३ मीटरच्या ग्रिडवर ग्रॅव्हिटी करतो आणि जिथे घट दिसते तिथूनच रेझिस्टिव्हिटीच्या दोन लाइन नेतो, जमल्यास एक पाऊस होऊन गेल्यावर. एकच परवडणार असेल आणि जमीन मातीची, खुंटी सहज जाणारी असेल, तर रेझिस्टिव्हिटी घ्या, मी अडवणार नाही. खडक उघडा असेल तर मात्र बादली घरी ठेवा.