दहा महिने ड्युअल बूट: डेबियन, विंडोज आणि मधेच हरवलेला ग्रब

मी सांगलीत घरूनच डीटीपीचं काम करते. जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली पेजमेकरमधल्या, श्रीलिपीच्या फाँटातल्या. त्यांच्यासाठी विंडोज लागतंच. नवं काम मात्र सगळं युनिकोडमध्ये, लिबरऑफिस आणि स्क्राइबसवर, आणि ते मला लिनक्सवर करायला आवडतं. म्हणून जानेवारी २०२४मध्ये विंडोज ११च्या शेजारी डेबियन १२ हे लिनक्स टाकलं. एकाच लॅपटॉपवर अशा दोन सिस्टीम म्हणजे ड्युअल बूट, आणि चालू करताना कुठली उघडायची हे विचारणारा मेनू दाखवतो तो ग्रब. ५१२ जीबीच्या एसएसडीतली दीडशे जीबी त्याला दिली. तेव्हापासून दोन्ही रोज वापरते आहे.

रोजच्या वापरात फारसा त्रास नाही. डेबियन १२पासून वायफायचं फर्मवेअर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे वायफाय लगेच लागलं. विंडोजचं घड्याळ मात्र बरोब्बर साडेपाच तास मागे पडायचं, कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ची एक कमांड दिली आणि ते मिटलं. डी ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता यायचा, त्यात काही सेव्ह होत नव्हतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर तेही सुटलं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. हे ड्युअल बूट करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी बंद करावं.

खरी परीक्षा सप्टेंबरात झाली. दिवाळी अंकांची पानं लावायची होती, आणि लॅपटॉप तापायला लागला म्हणून दुरुस्तीच्या दुकानात दिला. संध्याकाळी दुकानातल्या मुलाचा फोन आला, “ताई, निळी स्क्रीन आलीय, अठ्ठेचाळीस आकडी की मागतोय.” ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्हला असलेल्या कुलपाची, रिकव्हरी की. मी वहीत लिहून ठेवली होती, ती वाचून दाखवली. बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलंय हे त्याने त्यानंतर सांगितलं. लॅपटॉप घरी आला तर चालू केल्याबरोबर थेट विंडोज. ग्रबचा मेनू नाहीच. परत फोन केला तर तो म्हणाला, “लिनक्स उडालंय ताई. फॉरमॅट मारायला लागंल.”

त्या फायलींत दोन अंकांची मिळून सव्वाशे पानं होती. बॅकअप चार दिवसांपूर्वीचा. रात्री झोप लागली नाही.

सकाळी शांत डोक्याने विचार केला. यूईएफआय म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीच्या लॅपटॉपवर बूट लोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम, दोन ठिकाणी असतो, हे मला माहीत होतं. एक म्हणजे खरी फाईल. ती एसएसडीवरच्या ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये असते, माझ्याकडे २६० एमबीचं आहे. दुसरी म्हणजे त्या फाईलचा पत्ता. तो मदरबोर्डच्या मेमरीत लिहिलेला असतो. बायोस अपडेट झालं की ही मेमरी कधीकधी पुसली जाते. पत्ता गेला म्हणजे घर पडलं असं नाही.

डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं तो, लावला. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एका नावापुढे यूईएफआय लिहिलेलं, दुसऱ्यापुढे नाही. मी दुसरा निवडला आणि पाऊण तास वाया गेला. जुन्या पद्धतीने बूट केलं की लाइव्ह सिस्टीमला मदरबोर्डच्या त्या मेमरीपर्यंत पोचताच येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. ‘/सिस/फर्मवेअर’ या फोल्डरात ‘ईएफआय’ दिसलं तर बूट बरोबर झालंय. नसेल तर पुढचं काहीही न करता रीस्टार्ट करावं.

दुसऱ्या खेपेला बरोबर उठलं. ईएफआय पार्टिशन माउंट केलं, म्हणजे उघडता यावं म्हणून जोडलं, आणि आत बघितलं. मायक्रोसॉफ्ट, बूट आणि डेबियन, तिन्ही फोल्डर जागच्या जागी. डेबियनमध्ये शिम (ग्रबच्या आधी चालणारी छोटी फाईल) आणि ग्रब दोन्ही फायली शाबूत. मग डेबियनचं मुख्य पार्टिशन माउंट केलं, त्यात माझं कामाचं फोल्डर उघडलं, आणि सगळी पानं तिथेच होती. ती आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी केली, मगच पुढे गेले. ही पायरी कुणीही चुकवू नये.

पत्ता परत लिहायला मी सीएचरूट केलं, म्हणजे लाइव्ह सिस्टीममधूनच आपल्या स्वतःच्या डेबियनच्या आत शिरायचं. मुख्य पार्टिशन ‘/एमएनटी’वर, ईएफआय पार्टिशन त्यातल्या ‘बूट/ईएफआय’वर, आणि ‘डेव’, ‘प्रॉक’, ‘सिस’ हे लिनक्सचे तिन्ही फोल्डर आत जोडायचे. इथे मी पुन्हा अडले. ग्रब परत बसवणारी ‘ग्रब-इन्स्टॉल’ कमांड म्हणाली, या सिस्टीमवर ईएफआय व्हेरिएबल (मदरबोर्डच्या त्या मेमरीतल्या नोंदी) चालत नाहीत. कारण ‘सिस’ साध्या बाइंडने जोडलं की त्याच्या पोटातलं ‘ईएफआयव्हार्स’ आत येत नाही. ते वेगळं जोडावं लागतं, नाहीतर सुरुवातीलाच ‘आरबाइंड’ वापरावं. ते जोडलं आणि कमांड परत दिली. ‘इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड’ ही ओळ आली तेव्हा मी आईला हाक मारून दाखवली. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून तिने चहा टाकला.

यानंतर ग्रबचा मेनू नव्याने बनवणारं ‘अपडेट-ग्रब’ चालवताना विंडोज सापडतंय का हे बघावं. ग्रब २.०६पासून दुसरी सिस्टीम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाईलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ ही ओळ ‘फॉल्स’ करून ठेवावी लागते.

ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच जणांच्या ड्युअल बूटवर ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असा संदेश यायला लागला, तो आजार वेगळा. तिथे पत्ता ठीक असतो, पण नव्या नियमात जुना शिम बसत नाही. त्याला सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचे बूट लोडर चालू देणारी तपासणी) तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरणं आणि ‘मोकयुटिल’ कमांडने तो नवा नियम काढणं हा उपाय आहे. संदेश नीट वाचल्याशिवाय ग्रब परत टाकत बसू नये.

दहा महिन्यांनी माझं मत असं की ड्युअल बूट विश्वासाने वापरावं, पण लाइव्ह पेनड्राइव्ह आणि बिटलॉकरची की कागदावर लिहिलेली, या दोन्ही गोष्टी हाताशी असायलाच हव्यात. ईएफआय पार्टिशनची प्रत मी आता दर महिन्याला काढते, दोन मिनिटांचं काम आहे. आणि बायोस अपडेट झालं की ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ कमांडने बूटचा क्रम तपासते, विंडोज वर गेलेलं असेल तर डेबियन पुन्हा पहिलं करते.

फॉरमॅटचा सल्ला मात्र माझ्या मनातून जात नाही. त्या मुलाने वाईट हेतूने दिला नव्हता, त्याला तेवढंच शिकवलं गेलं होतं. पण असं ऐकून किती जणांनी आपले फोटो, हिशोब, लेखन पुसून टाकलं असेल. ऑक्टोबरात पंखा बदलायला लॅपटॉप पुन्हा त्याच दुकानात दिला, तेव्हा पाठीवर चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलं: यात दोन सिस्टीम आहेत, बायोस अपडेट करू नका, फॉरमॅट करू नका, आधी फोन करा. पट्टी अजून तशीच आहे.