दांडीचा स्विच की चुंबकाचा? जुन्या आर्केड मशीनचा इंटरलॉक

अटारी कंपनीच्या जुन्या आर्केड मशीनमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये, दार उघडलं की वीज तोडणारा दांडीचा स्विच असतो. हाच इंटरलॉक. दार बंद असताना दांडी दाबलेली. उघडलं की बाहेर येते आणि पुरवठा बंद. चालू मशीन तपासायचं असेल तर तीच दांडी आणखी बाहेर ओढायची. दार लावताच ती मुकाट्याने मूळ जागी जाते, वेगळं काही लक्षात ठेवायला नको. हे ज्याला सुचलं त्याला सलाम! दोन पोलचा घेतला तर फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात. जुन्या घरांतल्या वायरिंगमध्ये फेज कुठल्या बाजूला असेल याचा नेम नाही, तेव्हा हे हवंच.

पण मालवण-वेंगुर्ल्याची खारी हवा स्प्रिंगला सोडत नाही. गंजलेली दांडी आतच अडकली तर दार सताड उघडं आणि मशीन चालू. पावसाळा सरला की प्लग काढून दाबून बघा. खरखर लागली तर बदला.

दारावरचा चुंबक जवळ आला की ज्याच्या पात्या जुळतात, त्या रीड स्विचचे संपर्क काचेच्या नळीत बंद, त्यामुळे खारं वारं आत शिरत नाही. मात्र त्याची ताकद बेताची. ट्रान्सफॉर्मरचा सुरुवातीचा झटका बसला की पात्या चिकटतात. म्हणजे मध्ये रिले (छोट्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आलाच. वर चुंबक पिक्चर ट्यूबजवळ आला तर पडद्यावर रंगांचे डाग.

मी दांडीचाच बसवेन. अर्थात दोन्हीपैकी कुठलाही स्विच ट्यूबमध्ये साठलेले हजारो व्होल्ट उतरवत नाही, आणि प्लगपासून स्विचपर्यंतची तार दार उघडल्यावरही जिवंतच असते.