स्प्रिंगची की भरलेल्या हवेची? दहा मीटरच्या सरावासाठी एअर रायफल

नाशिकमध्ये नव्याने नेमबाजी शिकणाऱ्याने आधी स्प्रिंगची रायफल घ्यावी, असे माझे मत आहे. नळी खाली वाकवून ताण दिला की ती सज्ज होते. पंप वा सिलिंडर लागत नाही. मात्र चाप ओढताच जड दट्ट्या पुढे धावतो आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल हादरते, त्यामुळे पकड दर वेळी सारखी नसली तर छिद्रे कागदभर विखुरतात. डिसेंबरातल्या इथल्या गारठ्यात वंगण घट्ट झाले, तर पहिले दोन-चार छर्रे खालीच बसतात. साधारण २०० बार दाबाने भरलेल्या हवेची रायफल जवळजवळ हलत नाही, आणि दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने स्पर्धेत तिलाच पर्याय नाही. खिसा मात्र चांगलाच रिकामा होतो, शिवाय सिलिंडरची मुदतही पाहावी लागते.