मोरा कंपनीचा कम्पॅनियन चाकू: बारा किलो उतरवल्यावर हातात आला, आता वापरून सांगतोय

चाकू चांगलाय, पैसे वसूल आहेत, ज्यांना एवढंच पाहिजे त्यांनी इथं थांबलं तरी चालतंय. बाकीच्यांसाठी जरा लांबण लावतो, कारण हा चाकू घरी येऊन पडला तरी मला मिळालेला नव्हता. बायकोनं तो डब्यासकट कपाटात ठेवून कुलूप लावलेलं, वजनकाट्यावर ८२ दिसल्याशिवाय चावी नाही असा करार. सुरुवात ९४ ला होती, उंची पाच फूट सात, बाकी हिशोब तुम्हीच करा.

चाकूच का, हे सगळ्यांनी विचारलं म्हणून आधी तेच सांगतो. आपल्याकडं काही चांगलं झालं की खायचं असतंय. दोन किलो उतरलं की दोस्त म्हणणार चल बे मटण हाणू, आणि सोलापुरात मटण म्हणजे नुसतं मटण नसतंय, तर्रीचा रस्सा येतोय, त्यात कडक भाकरी कुस्करली जातीय, मग थोडा भात, मग अजून थोडा रस्सा, आणि आठवडाभर पहाटे उठून जे काय कमावलं ते एका बैठकीत परत अंगावर. त्यामुळं बक्षीस असं पाहिजे होतं की जे खाता येत नाही, आणि जे वापरायला घराबाहेर पडावं लागतंय. नवा मोबाईल घेतला असता तर उलटा अजून बसून राहिलो असतो. मला मामाच्या शेतावर जायचा, थंडीत हुरडा पार्टीचा, कधी नळदुर्गचा किल्ला हिंडायचा नाद आहे, फक्त पोट आडवं यायला लागलेलं. पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर हे सांगितलं तर एकजण म्हणला, "का बे, बारा किलो उतरवून शेवटी सुरी? वहिनीकडं मागितली असती तर फुकट दिली असती की." म्हणू दे.

वजनाचं फार ज्ञान देत नाही, ते सगळ्यांना माहितीच असतंय. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या त्या कामाच्या: आठवड्याला अर्धा ते एक किलो याच्यापेक्षा जास्त घाई करायची नाही, आणि एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी शुगर-बीपीवर फरक दिसायला लागतो, त्यामुळं एकदम सडपातळ व्हायची स्वप्नं बघू नका. चालायला विजापूर रोडला संभाजी तलावाकडं जायचो, जुनी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात. डिसेंबरात मजा येते, पण एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४३-४४ ला गेला की सकाळी सातला सुद्धा ऊन अंगावर येतंय, तेव्हा साडेपाचलाच निघावं लागतं नाहीतर तो दिवस गेला समजा.

खाण्यात सगळ्यात मोठा चोर निघाली शेंगाचटणी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि आपण त्याच्यावर तेल ओततो, दही घेतो, आणि परत म्हणतो मी तर फक्त भाकरी-चटणी खातोय. बंद नाही केली, सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद करणाऱ्याला मी तरी मानत नाही, पण चमच्यानं मोजून घ्यायला लागलो. ज्वारीची भाकरी तशीच ठेवली, तीनच्या दोन केल्या, संध्याकाळच्या चहाबरोबरचं फरसाण गेलं. ८७ वर काटा जाम अडकला. शरीर हलकं झालं की त्याला कमी लागतं, त्यामुळं पहिल्यांदा ज्या जेवणावर वजन उतरत होतं त्याच जेवणावर ते नंतर थांबतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं, तरी चिडचिड व्हायची ती झालीच. रोज काट्यावर चढायचं सोडलं, रविवारी सकाळी एकदाच, कारण आदल्या रात्री खारट खाल्लं तरी किलोभर इकडंतिकडं होतंय. बायको शेजारी उभी असायची, "अहो, भिंतीला हात लावू नका."

तर आता चाकू.

मोरा हे स्वीडनमधलं गाव, डालार्ना भागातलं, चाकूसाठी प्रसिद्ध. कंपनी स्वतःचा इतिहास १८९१ पासून सांगते. कम्पॅनियन हे त्यांचं साधं मॉडेल, दिखाऊ काही नाही. पातं साधारण १०.४ सेंटीमीटर, जाडी अडीच मिलीमीटर, म्यानासकट वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. खिशाला ओझं नाही. मुठीला रबरासारखं आवरण आहे, घामेजलेल्या हातातनं सटकत नाही आणि उन्हाळ्यात आपले हात कायम घामेजलेलेच असतात त्यामुळं हे मला सगळ्यात आवडलं. म्यान प्लास्टिकचं, चाकू आत गेला की टक् करून बसतो, खाली पाणी निघून जायला भोक आहे. कातड्याच्या म्यानाची ऐट नाही, पण कातडं भिजतं, कुजतं, हे नळाखाली धुतलं की झालं.

धार डब्यातनंच जबरदस्त येते. ह्याच्या पात्याला स्कँडी ग्राइंड म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच रुंद उतार थेट धारेपर्यंत, मधे दुसरा बारीक कोन नाही. लाकडावर हा उतार असा धरून चालतो की बास. हुरड्याच्या वेळी आगटी पेटवायला वाळक्या काडीवर पातळ सालपटांचा तुरा काढला, काडी तोडायची नाही, सालपटं काडीलाच लटकत ठेवायची, त्याला काडेपेटी लावली की गोवऱ्या धरतात, रॉकेल लागत नाही. लिंबाची काठी सोलणं, दोरी कापणं, ऊस सोलणं, सगळं लोण्यासारखं. वाळलेल्या बाभळीला मात्र जपून. ह्याचं पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेलं नाही, मधेच संपतं, त्यामुळं पात्याच्या पाठीवर दणके घालून ओंडके फोडायला हा बनलेलाच नाही, त्याला शेतावर कोयता असतोय.

स्वयंपाकात? नाही. जाड पातं आणि तो उतार, त्यामुळं गाजर कापलं जात नाही, ते तडकतं, कांद्याच्या चकत्या वाकड्या जातात आणि कलिंगडाला लांबीच पुरत नाही. बायकोनं एकदा वापरून परत विळी काढली. फळंबिळं कापायला कुणाला पाहिजे असेल तर ओपिनेलचा आठ नंबर बघा, फ्रान्सचा, लाकडी मुठीचा, घडी होतो, पातं पातळ आहे आणि कडं फिरवलं की लॉक होतंय. पण चिखलात-मातीत वापरायला घडीचा चाकू मला नको वाटतो, सांध्यात सगळं जाऊन बसतं. अजून एक, ज्यांना चकमकीचा रॉड पाठीवर घासून ठिणग्या पाडायच्यात त्यांच्यासाठी ह्या साध्या मॉडेलची पाठ तशी टोकदार कोनाची नाही, काडेपेटी घेऊन जावा.

धार लावणं सोपं आहे, तो उतार दगडावर पूर्ण सपाट टेकवायचा आणि तसाच घासायचा, कोन धरायची कसरत नाही. पण गल्लीत सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडं हा देऊ नका, त्याच्या फिरत्या चाकावर पातं तापतंय आणि सपाट उतार गोल होऊन बसतो, मग चाकूतलं जे काय खास आहे तेच गेलं.

कायद्याचं पण सांगतो कारण कमेंटमध्ये हेच विचारणार. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्यांचा विषय येतो, हे पातं त्याच्या निम्म्यालाही जात नाही. पण म्हणून कमरेला लावून नवी पेठेत हिंडायचं नसतंय. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ कलमाखाली आयुक्तालय वेळोवेळी बंदी आदेश काढतं, त्यात सुरे-चाकू घेऊन फिरणं पण येतं, आणि गड्डा यात्रा, निवडणूक, मिरवणुका असल्या वेळी तर प्रश्नच नाही. मी तो बॅगेत तळाला ठेवतो, शेतावर पोचल्यावर काढतो. विमानात केबिन बॅगेत चालत नाही. नान्नजला माळढोक बघायला जाणार असाल तर घरीच ठेवा, अभयारण्यात काडी तोडायची नसतीय, मग चाकूचं काम काय.

घ्यायचा असेल तर स्टेनलेसच घ्या. कार्बन स्टीलचा पण मिळतो, धार पटकन लागते म्हणतात, पण लिंबू कापलं, चिंच लागली की काळा पडतो आणि पुसून तेल लावायचा आळस केला की गंज, आणि आपण आळस करणारच. रंगाचं पण बघा, मिलिटरी हिरवा फोटोत भारी दिसतो, पण ज्वारीच्या रानात खाली ठेवला की सगळे मिळून शोधत बसावं लागतं. भगवा मिळाला तर तो घ्या.